चांदरीला घेऊन राणीसावरगावला

कुणाला परभणी जिल्हा नीट बघायचा असेल, तर त्यानं सोबत एक म्हैस घ्यावी असा माझा सल्ला आहे. नुसतं गाडीतून गेलं तर हा जिल्हा सपाट वाटतो. ज्वारी, तूर, वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, परत ज्वारी, मधेच एखादा फाटा आणि फाट्यावर भज्यांची कढई. म्हैस सोबत असली की हेच फाटे बोलायला लागतात. माणसं जवळ येतात, म्हशीची कास बघतात, मग तुमची जात, गाव, आडनाव, पगार आणि लग्न अजून का झालं नाही हे सगळं ओळीनं विचारतात. पुण्यात माझ्या शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईला माझं नाव अजून माहीत नाही.

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी यंदा हिवाळ्यात लडाखला, व्हिएतनामला जाऊन आल्या. मी देवगाव फाट्याजवळच्या आमच्या गावाहून राणीसावरगावला जाऊन आले. सोबत वडील होते आणि म्हैस होती. फोटो त्यांचे जास्त आहेत, गोष्टी माझ्याकडे जास्त आहेत.

सुरुवात आप्पांच्या फोननं झाली. आमच्या घरात आप्पा फोन करत नाहीत. आई करते, अर्धा तास बोलते आणि शेवटी त्यांच्या कानाला लावते. मग ते "बरं हाय ना? ठेवतो," म्हणतात. म्हणून त्यांचं नाव मोबाइलवर दिसलं तेव्हा मी चालू मीटिंगमधून उठून बाहेर आले.

"ज्योते, चांदरीचं काय खरं न्हाई," आप्पा म्हणाले. "आटायलीय. तू ये."

म्हैस आटत असेल तर पुण्याच्या मुलीनं येऊन काय करायचं, हे मी विचारलं नाही. घरात आजारपण आहे म्हणून रजा टाकली आणि निघाले.

सकाळी घरी पोचले तर गोठ्यात आईचं हिरवं पातळ दिसलं. डोक्यावरून पदर, म्हशीच्या पोटाशी पाठमोरी बसलेली. माझा जीव भांड्यात पडला. "आई, कधी आलीस गं?" असं मी म्हटलं आणि पदरातून आप्पांच्या मिशा माझ्याकडे वळल्या.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडं यात नवल नाही. म्हशीला धार काढणाऱ्या हाताची आणि वासाची सवय होते. घरातली बाई गावाला गेली की पुरुषमाणूस तिचं लुगडं गुंडाळून धारेला बसतो आणि म्हैस फसते. चांदरी मात्र फसत नव्हती. तिचं वगारू, म्हणजे पिल्लू, ह्याच वेताला दगावलं, तेव्हापासून ती आईशिवाय कुणाच्याच हाताला पान्हा सोडत नाही. आप्पांना गडवाभर दूध मिळायचं, वर एक लाथ मिळायची. त्या दिवशी माझ्यासमोर दोन मिळाल्या.

आता आई कुठं होती ते सांगायला हवं. माझ्या मामानं राणीसावरगावला नवं घर बांधलं आणि घरभरणीच्या पत्रिका छापल्या. त्या पत्रिकेत जावयांची नावं होती. आप्पा थोरले जावई, पण धाकट्या मावशीचे यजमान ग्रामसेवक असल्यामुळं छापणाऱ्यानं की मामानं, कुणी तरी त्यांचं नाव वर टाकलं. आप्पांनी ती पत्रिका चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली आणि जाहीर केलं की आपण येणार नाही. आई म्हणाली, माझ्या भावाचं घर आहे, मी जाणार. ती एसटीनं एकटी गेली. कार्यक्रम झाला, पंधरवडा उलटला तरी परत आली नाही. निरोप एवढाच आला की न्यायला याल तेव्हा येईन.

आमच्यात माहेरी गेलेली बाई आपल्या पायानं परत येत नाही, तिला आणायला माणूस जातो. आणि जिथं नाव खाली छापलं त्या दारात बोलावल्याशिवाय आप्पा जात नाहीत. दोघांचंही रीतीला धरून होतं. मधल्यामधे म्हैस आटत चालली होती.

"तिच्याकडं न्यायचं," आप्पा पातळ सोडता सोडता म्हणाले.

"आईकडं जायचं? चला, आत्ताच निघू."

"चांदरीला न्यायचं म्हणालो मी. धार काढून घ्यायची. तुझ्या आईसाठी न्हाई, म्हशीसाठी जायलोय. हे ध्यानात ठेव."

शेजारच्या बालाजीकाकांचा पिकअप होता. त्यांचा ड्रायव्हर उसाच्या ट्रॅक्टरवर गेलेला, तेव्हा गाडी मी चालवायची ठरली. मला चारचाकी येते यावर आप्पांचा विश्वास नव्हता, पण इलाजही नव्हता. पिकअपची मागची बाजू बांधाला टेकवली, खाली कडबा अंथरला आणि चांदरीला चढवायला घेतलं. सगळा गाव मदतीला आला. त्यातले निम्मे पुढून ओढत होते आणि निम्मे मागून ढकलत होते, म्हणून ती बराच वेळ होती तिथंच उभी राहिली. शेवटी सगळे दमून बाजूला झाले तेव्हा ती आपली आपण चढली. आप्पांनी एक कापडी पिशवी माझ्या सीटमागं कोंबली. त्यात काय आहे विचारलं तर म्हणाले, पेंड.

देवगाव फाटा

पहिला चहा फाट्यावरच झाला, म्हणजे घर सोडून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. आप्पांना लय तहान लागली होती.

चहा येईस्तोवर चार माणसं पिकअपभोवती जमली. एकानं चांदरीचा ओठ वर करून दात बघितले.

"कितवं वेत?"

"तिसरं," आप्पा म्हणाले.

"विकायला काढलीय जणू."

"विकायची न्हाई. दवाखान्यात न्यायलोय."

"काय झालंय?"

"तेच बघायचं हाय."

त्या माणसानं मग माझ्याकडं बघितलं. "गाडी तुमी चालवायलाव? मग बराबर. म्हैस घाबरली आसंल." सगळे हसले, मीही हसले. चहाचे पैसे त्यानंच दिले आणि वर मला स्टेअरिंग कसं धरायचं हेही दाखवलं.

पुढं सेलू गेलं, मानवत गेलं. आप्पांनी रस्त्यात तीन ठिकाणी म्हशीला वारा घालायला गाडी थांबवली. जानेवारीचा महिना होता, म्हशीला वारा चालत्या गाडीतही भरपूर लागत होता. दर ठिकाणी कुणी तरी विचारायचं आणि दर ठिकाणी आप्पांचं उत्तर बदलायचं. एकाला सांगितलं, पाहुण्याची म्हैस आहे, पोचवायला चाललो. एकाला सांगितलं, लेकीला आंदण दिलीय. तो मला म्हणाला, "लय नशिबाची हायेस बाई." मी मान डोलावली. एका माणसालाही आप्पांनी खरं सांगितलं नाही. रस्त्यावरच्या परक्या माणसापाशी एवढं जड जात असेल, तर मामाच्या दारात काय होणार, ही धास्ती मला तेव्हापासून लागली. आई एकदा नाही म्हणाली की ते नाहीच असतं, हे मला माहीत होतं.

परभणीत कुणी तरी "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणतंच, तसं सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या रिक्षावाल्यानं म्हटलं. चांदरीनं त्याच वेळी शेण टाकलं. त्याच्या रिक्षात काही उडालं असेल तर मी इथं माफी मागते, तिथं थांबायची सोय नव्हती.

गंगाखेड

गोदावरीचा पूल दिसला तसे आप्पा म्हणाले, चांदरीला पाणी पाजू. वाट नदीपर्यंत उतरत होती, काठाला मातीचा उंचवटाही होता. आम्ही तिला उतरवलं. ती पाणी प्यायली, दोन पावलं पुढं गेली, अजून दोन गेली आणि गोदावरीत बसली.

म्हैस पाण्यात बसली की तिला काळवेळ राहत नाही. दावं ओढून झालं, काठी आपटून झाली, कडबा दाखवून झाला. नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर ठेवून ती पलीकडच्या काठाकडं बघत राहिली. घाटावर आलेली माणसं आधी देवाला हात जोडायची, मग आमच्याकडं बघत उभी राहायची. आप्पांनी धोतर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात गेले.

"चल की गं," ते म्हणाले. "किती अंत बघायलीस? चुकलं आसंल माझं. ऊठ, माय, ऊठ. तुझ्या पाया पडतो, पण घरी चल."

मी काठावर चपला हातात धरून उभी होते. माझ्या उभ्या आयुष्यात आप्पांच्या तोंडून "चुकलं" हा शब्द मी ऐकला नव्हता. म्हशीला तो ऐकायला मिळाला आणि तिनं कानही हलवला नाही. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. ही सगळी वाक्यं जिथं न्यायची तिथं पोचायच्या आधीच त्यांनी नदीत सोडली होती.

शेवटी मी आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आई, चांदरीला जरा हाक मार."

"कशाला? कुठं हाय ती?"

"मार तर."

"चांदरेऽऽ, ये गं बाई, ये," आई म्हणाली.

चांदरीचे कान फिरले. ती उठली, अंगावरून पाणी निथळत सरळ काठावर आली आणि माझ्या मोबाइलला हुंगायला लागली. घाटावरच्या एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

"ज्योते, पाण्याचा आवाज यायलाय मागून. म्हैस कुठं न्यायलाव?"

आप्पा दोन्ही हातांनी खुणा करत होते. मी म्हटलं, "दवाखान्यात."

"नदीत कोणता दवाखाना निघालाय?" आई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "ते हायेत का संगं?"

"हायेत."

फोन बंद झाला. आप्पांनी विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, काहीच नाही. ते ओलं धोतर पिळत गाडीच्या चाकापाशी उभे राहिले.

पालम

गंगाखेडहून राणीसावरगावचा रस्ता एकीकडे आणि पालम दुसरीकडे. आप्पा म्हणाले, पालमवरून रस्ता चांगला आहे. रस्ता कसा होता ते माझ्या कमरेला माहीत आहे. पण पालमला आत्या राहते, आणि आत्याकडं गेलं की मुक्काम होणार आणि मामाचं दार एक दिवस लांबणार, असा तो हिशेब होता.

आत्या आप्पांची थोरली बहीण. बाजारात त्यांचं किराणा दुकान आहे आणि मागं घर. पिकअप दुकानासमोर उभा राहिला तसं मागून येणाऱ्या एसटीनं हॉर्न धरला. खिडक्यांतून सगळे प्रवासी आधी म्हैस, मग मला बघायला लागले. आत्या गल्ल्यावरून उठून बाहेर आली. तिनं कुणालाच काही विचारलं नाही. एकदा म्हशीकडं बघितलं, एकदा भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "हातपाय धुवा. मी आमटी टाकते."

संध्याकाळी धारेची वेळ झाली. कास ताठली होती, दूध काढलं नसतं तर सुजून दगडी झाली असती. आत्या बसली, तिला जमलं नाही. मग आप्पा गाडीकडं गेले आणि सीटमागची पेंडीची पिशवी घेऊन आले. त्यातून आईचं हिरवं पातळ निघालं.

आत्याच्या परसात, आत्याच्या सुना आणि शेजारच्या दोन बायका बघत असताना, आप्पांनी ते धोतरावरून गुंडाळलं आणि डोक्यावर पदर घेतला. बायकांनी तोंडाला पदर लावले. आत्या हसली नाही. आप्पांनी शेरभर दूध कसंबसं काढलं आणि उठले तेव्हा ती म्हणाली,

"का रे, चारचौघींत बायकोचं पातळ नेसायला लाज वाटंना तुला, अन् तिला घरी चल म्हणायला लाज वाटायलीय?"

"पत्रिकेत नाव खाली टाकलंय त्यांनी, आक्का."

"खाली म्हणजे किती खाली? दुसऱ्या ओळीत ना? का दुसऱ्या गावात?"

आप्पा पातळाची घडी घालायला लागले. आत्यानं येसराच्या मसाल्याची आमटी वाढली, तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं. पुण्यात मी हीच आमटी पाकिटातला येसर आणून करते आणि ती आमटीसारखी लागते एवढंच. आप्पांनी एरवी तीन भाकरी खाल्ल्या असत्या. त्या दिवशी एकच खाल्ली. बारीक दिसायला लागले होते ते, हे मला तिथल्या दिव्याच्या उजेडात पहिल्यांदा दिसलं.

राणीसावरगाव

सकाळी डोंगराळ रस्ता लागला. काळी जमीन संपून मुरमाड माळ सुरू झाला. वस्त्यांवर बरीच घरं कुलूपबंद होती, माणसं ऊसतोडीला गेलेली. अंगणांत म्हातारे तेवढे उन्हाला बसले होते. आज आप्पांना कुठंच तहान लागली नाही. म्हशीला वाराही नको होता. ते समोर बघत होते आणि मधूनच मिशीवरून हात फिरवत होते.

मामाचं नवं घर लांबूनच दिसलं. मोरपंखी रंग, वर स्टीलचे कठडे, दारावर वाळलेलं तोरण. मी गाडी दारात लावली. आप्पा खाली उतरले आणि फाटकाबाहेर, उंबऱ्यापासून चार हात अंतर ठेवून उभे राहिले. मामा धावत आला. "दाजी, या की आत, या," म्हणून त्यानं हात धरला. आप्पा म्हणाले, "म्हशीचं काम हाय. झालं की निघतो."

ग्रामसेवक काकाही नेमके आलेले होते. त्यांनी वाकून आप्पांच्या पायाला हात लावला. आप्पांना ते बरं वाटलं, पण दाखवायचं नव्हतं.

आई ओसरीवर तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून ती उठली. माझ्या गालाला तिनं हात लावला आणि आप्पांच्या शेजारून सरळ गाडीकडं गेली. चांदरी तिला बघून अशी रेकली की मामाच्या घरातली लेकरं दचकली.

म्हैस उतरवली. आईनं बादली मागितली, कासेवर पाणी मारलं आणि खाली बसली. चुचकारावंही लागलं नाही. थोड्या वेळानं बादलीत धार वाजायला लागली. पंधरवडाभर अडलेलं दूध फेसासकट वर येत गेलं. मामीनं दुसरं भांडं आणलं. आप्पा बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मी नजर दुसरीकडं वळवली.

आई पदराला हात पुसत उठली. फाटकाशी मामा, मामी, ग्रामसेवक काका, मावशी, लेकरं आणि रस्त्यानं जाणारी दोन माणसं उभी होती.

"कशाला आलाव?" आईनं विचारलं.

"म्हैस आटायली होती," आप्पा म्हणाले.

"म्हशीचं झालं. तुमचं सांगा."

आप्पांनी मामाकडं बघितलं, काकांकडं बघितलं. रस्त्याच्या माणसांकडंही बघितलं. मला वाटलं, आता हे दावं हातात घेणार आणि म्हैस गाडीत घालणार, आणि मी दोघांना दोन गावांना भेटायला जाणारी लेक होणार. मी मनात म्हटलं, आप्पा, बोला. नदीत बोललात तसं बोला.

"तुझ्याबिगर करमंना," आप्पा म्हणाले.

एवढंच बोलले, पण मोठ्यानं बोलले. ओसरीवरच्या सुपातली तूर टिपणारी चिमणी उडाली. मावशीनं डोळ्याला पदर लावला. मी तर उघड रडायला लागले, त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आईनं दुधाची बादली उचलून मामीच्या हातात दिली.

"एवढं म्हणायला म्हैस आणावी लागली व्हय?" ती म्हणाली. मग मामाकडं वळली. "ह्यांना आत ने. घरभरणीचं जेवण राहिलंय ह्यांचं."

त्या दिवशी मामीनं परत पुरण घातलं. आप्पांना पाटावर बसवून टोपी-टॉवेल दिला, कुंकू लावलं, आणि मामानं सगळ्यांच्या आधी त्यांचं ताट वाढलं. आप्पांनी पुरणपोळ्या किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही, मामी मोजत होती. आई मात्र लगेच निघाली नाही. म्हणाली, संक्रांत होऊ द्या. मी रजा वाढवली आणि पिकअपसाठी बालाजीकाकांना फोन केला. आप्पा मेव्हण्याच्या घरात, ज्या घरात पाऊल टाकणार नव्हते तिथं, आठवडाभर राहिले. चौथ्या दिवशी तर ते मामाच्या पाण्याच्या टाकीला पाइप कुठून घ्यायचा यावर भांडत होते.

परत

निघताना मामानं पायलीभर तूर दिली. मामीनं धपाट्यांचं गाठोडं दिलं. मावशीनं लोणच्याची बरणी दिली. शिवाय आईची पेटी, संक्रांतीचं वाण, आणि कुणी तरी दिलेली नवी सुपं. हे सगळं आईनं पुढच्या सीटवर, माझ्या आणि तिच्या मधे रचलं. मग आप्पांना जागा उरली नाही.

"मी मागं थांबतो," आप्पा म्हणाले. "चांदरीला धरायला कुणी तरी पायजेच."

"पायजेच," आई म्हणाली.

डोक्याला नवा टॉवेल गुंडाळून, एका हातात दावं आणि दुसऱ्या हातानं पिकअपची कड धरून ते उभे राहिले. पालमकडं वळायचं नाही, असं आईनं आधीच सांगितलं होतं. गंगाखेडचा पूल आला तेव्हा मी खिडकीची काच वर केली, म्हशीला पाण्याचा वास जाऊ नये म्हणून. त्यानं म्हशीला काय फरक पडणार होता कोण जाणे.

पूल ओलांडला आणि मोकळा रस्ता मिळाला. गाडीचा वेग मी जरा वाढवला.

"हळू घे गं," आई म्हणाली. "मागं वारं लागत आसंल."

"चांदरीला?"

आईनं शेजारची लोणच्याची बरणी नीट धरली आणि खिडकीतून ज्वारीकडं बघायला लागली.

"तिला काय वारं लागतंय," ती म्हणाली. "म्हैस हाय ती."